गाळपेर

पुसद नाक्यावर सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रक रस्त्यात आडवा झाला होता म्हणून मंजुषाची स्कूटर थांबली, आणि स्कूटर थांबली म्हणून तिनं मान वर केली. कॉलेजला उशीर झाला होता. पहिल्या तासाला बेडकाच्या हृदयाचे कप्पे शिकवायचे होते. समोर औषधाच्या दुकानावर नवा फलक चढवला होता. निळं पाणी, त्यावर सकाळचं कोवळं ऊन, काठाला पट्टकादंबांचा थवा, डोक्यावरचे काळे पट्टे ओळखू यावेत इतका स्वच्छ, आणि वर पिवळ्या अक्षरांत, 'कोकण कशाला? वऱ्हाडचा किनारा आहे ना!' फोटो तिनंच काढलेला होता. राजपालनं मागितला तेव्हा तिनं तो सहज देऊन टाकला होता. धक्का त्याचा नव्हता. चित्र एवढं मोठं केल्यावर उजव्या कोपऱ्यात जे उघडं पडलं होतं, त्याचा होता. गाळात ठोकलेली बाभळीची खुंटी आणि तिला बांधलेली लाल चिंधी. फोनच्या पडद्यावर ती तिला कधी दिसली नव्हती. इथं ती पक्ष्यांहून उंच, माणसाच्या दीडपट झाली होती. सगळ्या वाशीम शहरानं येता-जाता पाहावी अशी रामकिसनकाकाची खुंटी.

मागच्यानं हॉर्न वाजवला. ट्रक सरकला होता. तिच्या जिभेखाली आंबट पाणी सुटलं. ही तिची जुनीच खोड. राग आला की डोक्यात काही होण्याआधी तिच्या तोंडात आंब येई. आंब म्हणजे हरभऱ्याच्या पानांवर पहाटे साचणारं आंबट दव. थंडीच्या दिवसांत आई संध्याकाळी एक धुतलेलं फडकं हरभऱ्यावर पसरून ठेवी आणि सकाळी ते बाटलीत पिळून घेई. कुणाचं पोट दुखलं की त्याचे दोन थेंब. एमएस्सीला असताना मंजुषानं एकदा हौसेनं त्या आंबेची परीक्षा केली होती. मॅलिक आम्ल, थोडं ऑक्झॅलिक. परीक्षानळी धुताना तिला वाटलं होतं की यात कळलं असं काही नाही. भेगाळलेल्या टाचांना ते कसं झोंबतं हे तिला आठव्या वर्षापासून माहीत होतं. अनवाणी, डब्यावर काठी बडवत, त्या ओल्या हरभऱ्यातून ती बदकांच्या मागे धावली होती. गावात त्यांना कुणी पट्टकादंब म्हणत नसे, नुसतं बदकं म्हणत, आणि शिवी दिल्यासारखं म्हणत.

गवळणीचा तलाव किन्हीराजाच्या पुढे डोंगराच्या कुशीत आहे. पावसाळ्यात तो भरतो आणि दिवाळीनंतर हळूहळू मागे सरू लागतो. पाणी जसं हटतं तशी काळी, लोण्यासारखी गाळाची पट्टी उघडी पडते आणि गावची माणसं तिच्यावर हरभरा, गहू टाकतात. नांगर नको, खत नको, पाणी नको. यालाच गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची, पण कुणी कुठं पेरायचं ते गावाचं ठरलेलं असे. वर्षाचे चार-पाच महिने पाण्याखाली असलेल्या जमिनीवर मेर टिकत नाही, बांध टिकत नाही; म्हणून पाणी हटलं की ज्यानं त्यानं आपल्या जागी येऊन खुंटी ठोकायची. जागा माणसांच्या डोक्यात असत. मोठ्या बाभळीच्या रेषेत, खडकाच्या नाकासमोर, अशा. गाळ मऊ, खुंटी कलंडते, म्हणून एकानं ती दोन्ही हातांनी धरून बसायचं आणि दुसऱ्यानं मोगरीनं ठोकायची. मारणारा आणि धरणारा यांच्यात भरवसा लागतो. बहुतेक घरी ते सख्खे भाऊ असत. बाईनं खुंटी ठोकायची नाही. बाईच्या हातची खुंटी पाणी ओढून नेतं, असं म्हणत. मंजुषाच्या घरी बाप ठोकायचा आणि रामकिसनकाका धरायचा. काका तेव्हा बारीक होता, मिसरूडवाला, आणि मोगरी खाली येताना डोळे मिटून घ्यायचा. बाप हसायचा. म्हणायचा, भेकाड, मी तुही बोटं कायले तोडीन?

बाप गेला तो नेमका पाणी हटायच्या तोंडावर. आई घराबाहेर पडत नव्हती. बायका येऊन बसायच्या, रडून जायच्या. सुतकाचे दिवस सरल्यावर ती मंजुषाला घेऊन तलावावर गेली तेव्हा तिच्या काखेत बाभळीची खुंटी होती. बापानंच पावसाळ्याआधी तासून माळ्यावर टाकलेली. ठोकणार कोण हे तिनं ठरवलं नसावं. दिराला म्हणू, असं असेल. काठावर सगळं गाव होतं. आणि त्यांच्या जागेवर आधीच एक खुंटी होती, लाल चिंधीची, आणि रामकिसनकाका तिच्यावर शेवटचे घाव घालत होता. धरायला त्याचा मेहुणा बसला होता. आईनं विचारलं नाही, ती नुसती उभी राहिली. बराच वेळ तो ठोकतच राहिला. मग मोगरीचा दांडा पुसत तो म्हणाला, "पान्याखालच्या जमिनीले वारस नसते, वयनी." आवाज चढवून नव्हे. हवा थंड आहे म्हणावं तसं. दोन खुंट्यांपलीकडे ठोकणं पुन्हा सुरू झालं. आई परत फिरली. त्या रात्री चुलीत ती खुंटी जळाली आणि तिच्यावर शिजलेला भात मंजुषानं खाल्ला. बाभळीच्या सालीचा कडवट धूर त्या भाताला लागला होता. नंतर ती शिकली, वसतिगृहांत राहिली, पुष्कळ ठिकाणचं जेवली. पण तो भात काही तिच्या पोटातून खाली उतरला नाही.

त्या वर्षी त्यांना तांड्यावरच्या नानीबाईनं जगवलं. तिची पट्टी अगदी टोकाला, दलदलीच्या कडेला होती, आणि तीही लहान. तिनं त्यातले पेऱ्याचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, आईला दिले. वर म्हणाली, पोट्टीले धाडून देत जा बदकं हाकलाले, माह्या हरिसिंगाचा नेम धड नाही. मंजुषाचा नेम चांगला होता. गोफणीतला दगड ती पक्ष्याच्या बरोबर हातभर बाजूला पाडायची. पक्षी उडायचा, मरायचा नाही. नानीबाई कौतुकानं पाहायची आणि पदरातले हरभऱ्याचे घाटे तिच्या ओंजळीत टाकायची. तिथं, त्या दलदलीच्या कडेला, दगड टाकता टाकता मंजुषाला ती बदकं पहिल्यांदा नीट दिसली. हिमालय ओलांडून येतात हे तिनं पुढे पुस्तकात वाचलं.

फलक दिसला त्याच दुपारी राजपालचा फोन आला. तो कामरगावकडच्या एका तांड्यावरचा. पुण्यात हॉटेलांमध्ये कामं करत वाढला, चार पैसे कमावून परत आला, आणि आपल्या मुलखाला पर्यटनाच्या नकाशावर आणायचं हे त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. माणूस खोटा नव्हता. लोक इथून गाड्या भरून गोव्याला जातात, कोकणात जातात आणि तिथली वाळू बुटात घेऊन येतात, मग आपल्याकडे काय कमी आहे, असं तो विचारायचा, आणि विचारताना त्याचे डोळे खरोखर ओले व्हायचे. तंबू, होड्या, हुरडा, पहाटेचं पक्षिदर्शन, सगळं त्यानं आखलं होतं. अडत होतं एकच. गाळपेरवाले काठावर डबे बडवतात, पक्षी उडून जातात. पाहुणे पहाटे उठून काय पाहतील? त्यानं काठ मागितला होता. निर्णय ज्यांच्या हातात होता ते साहेब म्हणाले होते की पक्ष्यांच्या जाणकाराचं मत घेऊ, आणि जिल्ह्यात त्या पक्ष्यांवर काम केलेलं दुसरं कुणी नव्हतं. "मॅडम, तुमच्या एका शब्दावर आहे," राजपाल म्हणाला. ती प्रयोगशाळेत होती. समोरच्या काचेच्या बशीत मेणात टाचलेला बेडूक होता आणि त्याचं हृदय अजून चालू होतं.

एका शब्दावर आहे, हे तिला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटत होतं. कारण जे राजपालला ठाऊक नव्हतं, साहेबांना नव्हतं, आणि गंमत म्हणजे गाववाल्यांनाही नव्हतं, ते तिला ठाऊक होतं. बदकं तलावासाठी येत नव्हती. तलाव जिल्ह्यात पुष्कळ आहेत. ती गाळपेरीसाठी येत होती. तीन हिवाळे तिनं काठावरची त्यांची विष्ठा गोळा केली होती, धुऊन, गाळून भिंगाखाली पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी त्या हिरव्या चोथ्यात तिला हरभऱ्याच्या पानावरचे ते बारीक, टोकाला थेंब धरणारे केस दिसले होते. आंब ज्यांतून पाझरते तेच. पहिल्यांदा दिसले तेव्हा ती हसली होती. गाव ज्यांना शिव्या देतं त्यांना गावच जेवायला बोलावत होतं. डबे वाजले की बदकं उडत, तलावावर एक फेरी मारत, आणि पुन्हा खाली येत. हा त्यांच्यातला जुना खेळ होता. गाळपेर बंद केली तर डबे थांबतील. आणि बदकं येणार नाहीत. म्हणजे तिनं जर 'हो' म्हटलं, तर रामकिसनकाकाची खुंटी जाईल आणि किनारा विकायला निघालेल्यांच्या हाती रिकामं पाणी राहील. राजपालशी तिचं वैर नव्हतं, पण त्या फलकावर ती खुंटी मोठी करून टांगणारा तोच होता. एवढं निर्दोष हत्यार आयुष्यात दुसऱ्यांदा हाती येत नाही, हे तिला विद्यार्थ्यांना नियम सांगावा तितक्या थंडपणे कळलं. तिनं बेडकाच्या हृदयावर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि मुलींना ठोके मोजायला सांगितले.

आणि नानीबाई? हा प्रश्न घरी जाताना स्कूटरवर आला. काठ गेला तर सगळ्यांचाच जाणार होता. मंजुषानं उत्तरं तयार केली. नानीबाई आता म्हातारी झाली आहे. हरिसिंग काही झालं तरी ऊसतोडीला जातोच. तिला आपण घरी आणून ठेवू, आईला सोबत होईल. अशी उत्तरं ती रचत गेली, आणि वर्गात एखादी मुलगी पाठ केलेलं घडाघडा म्हणू लागली की तिला जसा संशय येई तसा स्वतःचा आला. पण आंब तोंडातून जात नव्हती. घरी आई ओट्याशी बसून तांदूळ निवडत होती. तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसरा राहिला होता; खडे ती बोटांनीच ओळखायची. मंजुषानं फलकाचं सांगितलं, खुंटीचं सांगितलं. आई म्हणाली, लाल चिंधी अजून बांधते का तो, आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. त्या निवांतपणाचा मंजुषाला काकापेक्षाही जास्त राग आला. आई विसरली असेल तर मग हे सगळं कोणासाठी जपलं?

तलावावर जायचा दिवस ठरला. जानेवारीतलं कोरडं, उजळ ऊन, हरभरा घाट्यांवर आलेला. साहेबांची गाडी अजून यायची होती. मंजुषा काठानं एकटी निघाली तेव्हा रामकिसनकाका समोरून आला, आणि त्याला ओळखायला तिला क्षणभर लागला. ज्या माणसाला ती इतकी वर्षं मनात उंच धरून होती तो खांद्यातून खचला होता, गुडघ्यात वाकून चालत होता. त्यानं काटक्यांवर हरभरा भाजला होता. काळ्या पडलेल्या हुळ्याची ओंजळ त्यानं तिच्यापुढे केली. "घे मंजे. लहानपनी लय आवडे तुले." तिनं घेतला. न घेणं म्हणजे काही बोलणं झालं असतं. तो बोलत राहिला. काठ जाऊन राह्यला म्हणतात, हॉटेल येऊन राह्यलं म्हणतात, तुह्या हातात आहे म्हणतात. मग तो जरा जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "तुह्या बापाची जागा आहे हे. बापाची जागा राखजो, पोरी."

हुळा तिच्या हातात तसाच राहिला. बापाची जागा. तोंडातून निघालं त्याच्या, इतक्या वर्षांनी, आणि निघालं ते आता त्याच्या कामाचं होतं म्हणून. तिला वाटलं होतं की असा क्षण आला तर पायांखालची जमीन हलेल. काही हललं नाही. टाचेखालचा गाळ थंड आणि घट्ट होता. ती म्हणाली, "काका, पान्याखालच्या जमिनीले वारस नसते." ती त्याच्या चेहऱ्याकडे भिंगातून पाहावं तशी पाहत होती. एखादी शीर हलेल, पापणी पडेल. त्यानं मान डोलावली. "खरं बोलली. काहीच नसते. म्हनून तं तुले म्हनून राह्यलो." त्याला ते वाक्य ओळखूच आलं नव्हतं. ती ते वीसेक वर्षं उशाला घेऊन झोपली होती आणि ज्याचं होतं त्याच्या ते खिसगणतीतही नव्हतं. त्या घटकेपर्यंत कदाचित ती मागे फिरली असती. दूर, टोकाला, नानीबाई तिच्या पट्टीत वाकलेली दिसत होती. तिनं हात वर करून हलवला. मंजुषानंही हात हलवला.

मग गाडी आली. साहेब मृदू होते, नाकावर रुमाल धरून चालत होते. राजपालनं टोपी घातली होती. गाववाले थोडं अंतर ठेवून अर्धवर्तुळात उभे राहिले, जसे त्या दिवशी उभे होते. साहेबांनी विचारलं, या डब्यांनी पक्ष्यांना त्रास होतो का? मंजुषानं घसा साफ केला. तिला सगळ्यात जास्त हे नंतर आठवत राहिलं की ती खोटं बोलली नाही. "डबे वाजले की पक्षी उडतात," ती म्हणाली. एवढंच. आणखी काही, असं साहेब म्हणाले. ती म्हणाली, माझ्या निरीक्षणात असं एकदाही झालं नाही की डबा वाजला आणि पक्षी उडाले नाहीत. राजपालनं समाधानानं पाण्याकडे पाहिलं. हुळा अजून तिच्या मुठीत होता. परतताना गाडीत तिनं तो एकेक दाणा करून खाल्ला. चव अगदी तीच होती. तिला रात्री गाढ झोप लागली.

पुढच्या हिवाळ्यात गाळपेर झाली नाही. पाणी हटलं तशी राजपालनं काठावर मुरूम पसरला, त्यावर पांढरे तंबू मारले, होड्यांना राजहंसाचे आकार दिले. पक्षी महोत्सवाचं आमंत्रण मंजुषाला आलं आणि ती गेली. पाहुण्यांत अकोल्याची, अमरावतीची कुटुंबं होती, गळ्यात दुर्बिणी, कानटोप्या. सूर्य वर आला. लांबून, फार उंचावरून तो ओळखीचा घोगरा कलकलाट ऐकू आला आणि तंबूंतून लोक पळत बाहेर आले. बाणाच्या आकाराचा थवा तलावावर आला, खाली उतरला, काठावरून वळला. पुन्हा वळला. तिनं श्वास धरून ठेवला होता. वर्गात प्रयोग बरोबर निघतो तेव्हा धरते तसा. थवा वर चढला आणि डोंगरापलीकडे गेला. मग नुसतं पाणी उरलं, आणि त्यावर राजपालचे फायबरचे हंस. एका मुलानं वडिलांना विचारलं, आता खरे कधी येणार? मंजुषाला त्या सकाळी जो आनंद झाला त्याला दुसरं नाव देण्याचा तिनं प्रयत्न केला नाही. तो आंबट होता आणि स्वच्छ होता. तिनं मान वळवली, रामकिसनकाकाला पाहायला. लुटलेला, रिकामा काका कुठंतरी बांधावर बसला असेल, ते तिला डोळे भरून पाहायचं होतं. तो फाटकापाशी उभा होता. अंगात निळा गणवेश, डोक्यावर टोपी, हातात शिट्टी. राजपालनं त्याला चौकीदार नेमलं होतं. तिला पाहताच त्यानं टाचा जुळवून सलाम ठोकला. "तुह्यामुळं झालं, मंजे," तो म्हणाला. "या वयात बसल्या जागी पगार. तुही काकू तुले दुवा देते."

नानीबाई तिथं नव्हती. तांड्यावरची घरं बंद होती. मंजुषानं हरिसिंगाला फोन लावला तेव्हा तो पलीकडे कुठल्याशा उसाच्या फडात होता. त्यानं फोन आईला दिला. पाचटाची सळसळ सारखी ऐकू येत होती. नानीबाई म्हणाली की नातवंडं सांभाळायला आली आहे, पाचटाच्या कोपीत थंडी लय वाजते, पण धाकटं पोट्टं गोड आहे, मांडीवरून उतरत नाही. मग तिनं विचारलं, "बदकं आली का गं?" मंजुषा म्हणाली, आली होती, गेली. नानीबाई म्हणाली, "तुनं तं सांगलं असंन त्यायले आमच्यासाठी. नाही आयकलं त्यायनं. जाऊ दे, तू मनाले लावून घेऊ नको." फोन ठेवल्यावर मंजुषा जिन्यातच बसून राहिली. आई दारात आली होती. तिनं अर्धं बोलणं ऐकलं असावं, उरलेलं अर्धं ती कधीचीच जाणून असावी. गावाच्या बातम्या तिच्यापर्यंत बाजाराच्या दिवशी पोचत. ती म्हणाली, "नानीबाईचीबी जागा?" बस, एवढंच. रागावून नाही. तांदळात खडा सापडावा आणि बोटांत धरून उजेडात न्यावा तसं. त्या दिवसापासून आईनं ताटात तिच्यासाठी वाढलं, पण ती शेजारी बसून जेवली नाही.

राजपाल उन्हाळ्यात घरी आला. टोपी नव्हती. लोकांनी पैसे परत मागितले, होड्या उन्हात तडकल्या. त्यानं मान खाली घालून विचारलं की पक्षी का फिरले. मंजुषानं त्याला सूक्ष्मदर्शकातले फोटो दाखवले, केसांच्या टोकावरचे थेंब दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला. "हे तेव्हाच काहून नाही सांगितलं, मॅडम?" "तुम्ही डब्यांचं विचारलं होतं," ती म्हणाली. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि त्याला काय कळलं, किती कळलं, हे तिला समजलं नाही. ती पुढे म्हणाली की मुरूम काढा, ज्यांच्या पट्ट्या होत्या त्यांच्या त्यांना द्या, डबे वाजू द्या; दोन-तीन वर्षांत येतील. आणि एक अट घातली. पहिली खुंटी तिची आई ठोकेल, आणि धरायला राजपालचा चौकीदार बसेल. राजपालला वाटलं, उद्घाटनाची कल्पना आहे. त्याला ती आवडली.

म्हणून दिवाळीनंतर, पाणी हटल्यावर, काठावर झेंडूच्या माळा लागल्या, फोटोवाला आला, तंबूतले पाहुणे फोन उंचावून उभे राहिले. परवानगी यायला उशीर झाला होता. ऊसतोडीची टोळी आधीच निघून गेली होती आणि नानीबाई तिच्याबरोबर. आई गाडीतून उतरली. तिला गाळाचा वास आला असणार, कारण ती चपला काढून उभी राहिली. जागा कोणती, हा प्रश्न निघाला. मुरमानं सगळा काठ बदलला होता, बाभळीचं झाड तंबूसाठी तोडलं होतं. राजपालनं हात पसरले. म्हणाला कुठंही ठोका, फोटोत सारखंच दिसते. तेव्हा रामकिसनकाका गणवेशातच पुढे आला. त्यानं खडकाच्या नाकाकडे पाहिलं, डोंगराच्या खिंडीकडे पाहिलं, आणि एकदाही न अडखळता चालत जाऊन एका ठिकाणी थांबला. टाचेनं गाळात खूण केली. "अथी," तो म्हणाला. "दादाची अथी व्हती." आईनं पायानं गाळ चाचपला आणि हो म्हणाली. मग तो टोकाकडे वळला, दलदलीच्या कडेला बोट करून म्हणाला, नानीबाईची तथी, लिंबाच्या रेषेत.

त्याला वीतभरही चूक न होता आठवत होतं. मंजुषा तिथं उभी राहिली आणि तिच्या आत काहीतरी हळूहळू, वितळत्या मेणासारखं, जागा बदलत गेलं. ज्याला जागा आठवते त्याला घाव आठवतो. ज्याला घाव आठवतो त्याला वाक्यही आठवतं. हुळा पुढे करतानाही आठवत असेल. मान डोलावताना, खरं बोलली म्हणताना. तो विसरला नव्हता. कधीच नव्हता.

काका गुडघे टेकून बसला. टोपी काढून त्यानं बाजूला ठेवली आणि खुंटी दोन्ही हातांनी धरली. हात म्हातारे झाले होते, नखं काळी, बोटांची पेरं सुजलेली. आईनं मोगरी उचलली. फोटोवाला सरसावला. मागे कुणी म्हातारा पुटपुटला की बाईच्या हातची खुंटी पानी ओढून नेते, आणि कुणी त्याला गप्प केलं. "भाऊजी, हात काढा," आई म्हणाली. "एका डोळ्यानं धड दिसत नाही मले." तो हलला नाही. म्हणाला, "मारा वयनी. मी धरतो." आईनं मारलं. घाव खुंटीच्या डोक्यावर बसला. काकानं डोळे मिटले नव्हते. ते उघडे होते आणि तो आईकडे नाही, मंजुषाकडे पाहत होता. दुसरा घाव बसला, तिसरा बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दर घावाला मंजुषाची बोटं आपोआप तळव्यात वळत होती आणि प्रत्येक वेळी, घाव नीट बसला की, तिला जे वाटत होतं ते निराशेच्या इतकं जवळचं होतं की तिला दुसरीकडे पाहावं लागलं.

आई दमली. तिनं मोगरी खाली टेकवली, पदरानं तोंड पुसलं, आणि मंजुषाला हाक मारली. "ये. तुह्या बापाची हाये. आता तू मार." लाकडी दांडा आईच्या घामानं ओला होता. खुंटी अजून सैल होती. धरल्यावाचून उभी राहिली नसती. काकाचे हात तिथंच होते, तळाशी नाही, वर, डोक्याच्या अगदी खाली. आईच्या वेळी ते इतके वर नव्हते. पाणी मागे कुठंतरी हलकेच काठाला लागत होतं. मंजुषानं पाय रोवले, मोगरी खांद्यामागे नेली, आणि एक डोळा बारीक केला. तिच्या तोंडात आंब आली होती. नेम तिचा लहानपणापासून कधी चुकला नव्हता.